घटक 5 : रेव्हरंड नारायण वामन टिळक : प्रेयाकडून श्रेयाकडे

5.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• ना. वा. टिळक यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे क्रमाने सांगता येतील.
• 1895 मधील धर्मांतर आणि 1917 मधील पदत्याग या दोन निर्णयांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• ख्रिस्ती श्रद्धा आणि मराठी संतपरंपरा यांचा त्यांच्या ठायी झालेला मेळ विशद करता येईल.
• त्यांच्या त्यागाचा कुटुंबावर, विशेषतः लक्ष्मीबाईंवर झालेला परिणाम विचारात घेऊन या जीवनाचे मूल्यमापन करता येईल.

5.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण आधुनिक मराठी कवितेच्या आरंभकाळाचा परिचय करून घेतला. त्या काळातील एक महत्त्वाचे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'केवढे हे क्रौर्य!' ही त्यांची कविता तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वाचलेली असेल. घायाळ होऊनही पिलांसाठी घरट्याकडे परतणारी ती पक्षीण एकदा वाचली की सहसा विसरली जात नाही. फुलांमुलांचे कवी म्हणून टिळक मराठी वाचकाला ठाऊक आहेत. प्रस्तुत घटकात मात्र आपण त्यांच्या जीवनाचा अभ्यास करणार आहोत, आणि तोही एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने.

कठोपनिषदात माणसापुढील दोन वाटांचा निर्देश आहे : एक प्रेयाची, म्हणजे तत्काळ सुखावणाऱ्या गोष्टींची, दुसरी श्रेयाची, म्हणजे अंती कल्याण करणाऱ्या गोष्टींची. ख्रिस्ती धर्मविचारातही हीच निवड वेगळ्या शब्दांत मांडलेली आहे. येशूच्या गिरिप्रवचनात कसर आणि गंज लागणाऱ्या पृथ्वीवरील संपत्तीपेक्षा स्वर्गातील संपत्तीचा संचय करण्याचा उपदेश आहे. संस्कृत विद्येत वाढलेल्या टिळकांना पहिली शिकवण परंपरेने मिळाली होती. दुसरीचा त्यांनी वयाच्या तिशीनंतर स्वतः शोध घेतला. या दोन्ही शिकवणी त्यांनी कशा जगून पाहिल्या आणि त्यांचे मोल कोणी कोणी चुकते केले, हा या घटकाचा मध्यवर्ती विषय आहे.

तुम्ही नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. संसारातील जबाबदारी आणि मनाची ओढ यांतील ताण तुम्हांला पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नाही. तो अनुभव जवळ ठेवूनच हे चरित्र वाचावे.

5.2 विषय-विवेचन

5.2.1 बालपण आणि घडण

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक शिस्तीचे होते. आई जानकीबाई हळव्या मनाची, भक्तिभावाची स्त्री होती. आईवर नारायणाचा अतिशय जीव होता. तो लहान असतानाच ती वारली आणि घराशी असलेला त्याचा धागा जवळजवळ तुटला. हा मुलगा घर सोडून नाशिकला आला.

नाशिकमध्ये त्याने गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतील शिक्षण थोडकेच झाले. परंतु संस्कृत काव्याचा संस्कार, कीर्तन-पुराणे ऐकून कानांत बसलेली लय आणि उत्स्फूर्तपणे पद्यरचना करण्याचे सामर्थ्य ही त्यांची आयुष्यभराची शिदोरी ठरली.

1880 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून विख्यात झाल्या. त्या वेळी त्या बारा वर्षांच्या आतील, निरक्षर मुलगी होत्या. त्यांना अक्षरओळख पुढे टिळकांमुळे झाली.

5.2.2 अस्वस्थ भटकंतीची वर्षे

विवाहानंतरची टिळकांची वर्षे म्हणजे न थांबणारी भटकंती होती. एका गावी नोकरी धरावी, ती अचानक सोडावी, कोणालाही न सांगता निघून जावे, असा क्रम चालू होता. हाती आलेला पैसा टिकत नसे. समोर कोणी गरजू दिसला की तो तिकडे जाई. घरात उद्याचे काय, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नसे. तो लक्ष्मीबाईंना करावा लागे.

या अस्थिरतेकडे नुसता स्वभावदोष म्हणून पाहता येणार नाही, आणि तिला आध्यात्मिक शोधाचे नाव देऊन तिच्यावर पांघरूण घालणेही योग्य होणार नाही. टिळक खरोखरच काही शोधत होते. जातिभेद, मूर्तिपूजा, समाजाची दुरवस्था यांविषयीचे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. देशाची उन्नती व्हावयाची तर तिच्या मुळाशी शुद्ध धर्मभावना हवी, असे त्यांना वाटू लागले होते. नागपूरला अप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांचा आश्रय त्यांना लाभला. तेथे त्यांनी 'ऋषि' या मासिकाचे संपादन केले. धर्मविचार आणि विद्याव्यासंग यांसाठी त्यांना हवा असलेला अवकाश मिळाला. आता संसाराची घडी बसेल, असे वाटण्याजोगे हे दिवस होते.

5.2.3 1893 चा प्रवास आणि 1895 चा बाप्तिस्मा

1893 मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपीय गृहस्थ होते. दोघांत काव्यावर आणि मग धर्मावर बोलणे सुरू झाले. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलमधील नव्या कराराची प्रत दिली, ती वाचण्याचा आग्रह केला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत त्या वेळी अशक्य कोटीतले वाटले. तरी दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी वाचन सुरू केले.

मत्तयकृत शुभवर्तमानातील गिरिप्रवचनापाशी ते थांबले. तेथे त्यांना तत्त्वांच्या मांडणीपेक्षा एका व्यक्तीची भेट झाली. शत्रूवर प्रेम करा असे सांगणारा आणि तसे वागून मरणारा येशू त्यांच्या मनात घर करून बसला. पित्यासारखा जवळचा ईश्वर आणि त्याची सर्व लेकरे म्हणून परस्परांशी समान असलेली माणसे, ही कल्पना त्यांच्या आधीच्या चिंतनाशी जुळणारी होती. त्यांनी अधिक वाचन केले, पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी एका शास्त्राभ्यासी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे काय, हे आज समजून घेण्यासाठी थोडा प्रयत्न करावा लागतो. यापूर्वी बाबा पदमनजी यांनी 1854 मध्ये आणि पंडिता रमाबाई यांनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला होता आणि दोघांनाही समाजाचा रोष सोसावा लागला होता. धर्मांतर करणाऱ्याची जात जाई. आप्तांच्या पंगतीतले पान, घरातील पाण्याच्या भांड्यापर्यंतचा हक्क, लग्नकार्यातील स्थान हे सर्व एका दिवसात संपे. विद्वान म्हणून मिळालेली मान्यताही उरत नसे. टिळकांना या सर्वांची पूर्ण जाणीव होती. पैशाचा मोह त्यांना कधीच नव्हता. त्यामुळे या निर्णयात त्यांनी सोडले ते धन नव्हते. जिच्यावाचून माणूस उघडा पडतो ती आपल्या माणसांची ऊब त्यांनी सोडली.

स्वयं-अध्ययन प्रश्न – 1
(अ) टिळकांना नव्या कराराची प्रत कोणत्या प्रसंगी मिळाली?
(आ) गिरिप्रवचनातील कोणत्या विचारांनी ते प्रभावित झाले?

5.2.4 त्यागाचे मोल : लक्ष्मीबाईंची बाजू

संतांच्या आणि साधकांच्या चरित्रांत त्याग करणाऱ्याचे वर्णन विस्ताराने येते. त्या त्यागात ज्यांना न विचारता ओढले गेले, त्यांचा उल्लेख एखाद्या वाक्यात संपतो. टिळकांच्या बाबतीत मात्र दुसरी बाजूही आपल्यापुढे आहे, कारण ती लक्ष्मीबाईंनी स्वतः 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत या ग्रंथाची गणना होते.

पतीच्या बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. मुलगा देवदत्त, म्हणजे दत्तू, चार वर्षांच्या आसपासचा होता. नवरा जिवंत आहे आणि तरीही त्याच्या घरी जाता येत नाही, अशा विचित्र अवस्थेत ही स्त्री सापडली. समाजाच्या लेखी ती ना सवाशिणीच्या मानाची, ना विधवेच्या दुःखाची अधिकारी. सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नींची ताटातूट राहिली. त्यातील काही काळ त्यांनी बहिणीच्या कुटुंबासमवेत पंढरपूरला काढला. आजार, अपमान, लोकांची कुजबुज आणि मुलाची काळजी यांत ती वर्षे गेली.

टिळकांनी या काळात पत्नीचा त्याग केला नाही, आणि तिच्यावर धर्मांतराची सक्तीही केली नाही. ते पत्रे पाठवीत राहिले. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला राहावयास आल्या तेव्हाही आपले सोवळेओवळे, आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला आणि टिळकांनी ते मान्य केले. हळूहळू जातिभेदाविषयी त्यांच्या मनात स्वतंत्र विचार सुरू झाला. माणसामाणसांतील उच्चनीच देवाने केलेले नाही, ते माणसाने केलेले आहे, ही गोष्ट त्यांना आतून पटली, आणि त्यानंतरच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. टिळकांना प्रकाश आगगाडीतील एका भेटीनंतर, ग्रंथवाचनातून गवसला. लक्ष्मीबाई त्याच ठिकाणी पोहोचल्या त्या चुलीपाशी, पाण्याच्या घागरीपाशी, रोजच्या व्यवहारात स्वतःशी वाद घालीत. पतीने निवडलेल्या श्रेयाची किंमत त्यांनी आधी भरली. ते श्रेय त्यांचे स्वतःचे झाले ते कित्येक वर्षांनी. टिळकांच्या मोठेपणाचा विचार करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही.

5.2.5 अहमदनगर : सेवा, संपादन आणि काव्य

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे कार्यक्षेत्र अहमदनगर हे होते. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत ते अध्यापन करीत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. याच मिशनने 1842 मध्ये सुरू केलेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन 1912 पासून त्यांच्याकडे आले.

मराठी ख्रिस्ती मंडळीला टिळकांनी दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे तिची स्वतःची वाणी. तोवर उपासनेतील बहुतेक गीते पाश्चात्त्य चालींवरची, भाषांतराच्या वळणाची होती. टिळकांनी अभंग, ओवी, पद, भजन आणि कीर्तन या देशी रूपांतून ख्रिस्तभक्ती गायिली. त्यांची शेकडोंनी मोजावीत अशी उपासनापदे आजही महाराष्ट्रातील चर्चमध्ये गायिली जातात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो, अशा आशयाचे उद्गार ते काढीत. धर्म बदलला म्हणून ज्ञानोबा-तुकोबांशी नाते तोडावे, हे त्यांना कधीही मान्य झाले नाही.

घरातील वातावरणही त्यांच्या काव्याशी सुसंगत होते. अनाथ मुले, गरीब विद्यार्थी, अडलेली माणसे यांना त्या घरात थारा मिळे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, हे कोवळ्या वयात टिळक दांपत्याच्या घरी मुलासारखे राहिले. मिळकत मर्यादित आणि खाणारी तोंडे वाढती, अशा स्थितीत घर चालविण्याचे कौशल्य अर्थात लक्ष्मीबाईंचे होते.

टिळकांचे वैराग्य रूक्ष नव्हते, ही गोष्ट या काळाच्या संदर्भात नमूद केली पाहिजे. फूल, मूल, पत्नी, घर, मातृभूमी हे त्यांच्या काव्याचे आवडते विषय आहेत. 'माझी भार्या' आणि 'बापाचे अश्रू' ही त्यांच्या कवितांची शीर्षकेच त्याची साक्ष देतात. 'वनवासी फूल' या दीर्घकाव्यात त्यांनी कवी आणि रानातले फूल यांच्या संवादातून प्रवृत्ती आणि निवृत्ती यांचा प्रश्न हाताळला. जगाकडे पाठ फिरवावी की जगात राहून झिजावे, हा विचार त्यांच्या मनात आरंभापासून घोळत होता. त्यांच्या लेखी सृष्टीतील सौंदर्य आणि माणसांचे प्रेम ही ईश्वराची देणी होती. देणगी हातात घट्ट धरून देणाऱ्याला विसरणे, एवढेच त्यांना त्याज्य वाटे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – 2
(अ) मराठी ख्रिस्ती उपासनेला टिळकांनी कोणती देशी रूपे दिली?
(आ) टिळकांचे वैराग्य रूक्ष नव्हते, असे का म्हणता येईल?

5.2.6 1917 : दुसरा त्याग

छपन्नाव्या वर्षाकडे झुकलेला, प्रतिष्ठा पावलेला माणूस सहसा नवा मार्ग धरीत नाही. टिळकांनी तो धरला. 1917 मध्ये त्यांनी मिशनच्या पगारी सेवेचा राजीनामा दिला. ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून, ईश्वर देईल त्यावर राहून, लोकांत फिरावे असे त्यांनी ठरविले आणि ते साताऱ्यास गेले.

या निर्णयामागे मिशनविषयीचा राग नव्हता. भारतीय माणसाला ख्रिस्त परका का वाटतो, याचा विचार ते अनेक वर्षे करीत होते. परदेशी पैशावर चालणारी व्यवस्था, पगार घेऊन उपदेश करणारा उपदेशक आणि साहेबी वळणाची उपासना यांमुळे ख्रिस्त आणि सामान्य माणूस यांच्यामध्ये भिंत उभी राहते, असे त्यांचे मत झाले होते. या देशाने धर्म शिकला तो फकिरांकडून आणि संतांकडून, वेतन घेणाऱ्यांकडून नव्हे, हे त्यांना दिसत होते. स्वतः वेतन घेत असताना ही गोष्ट इतरांना सांगणे त्यांना प्रामाणिकपणाचे वाटेना.

साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सर्वांचा हा बंधुसंघ असावा, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक एकत्र यावेत, अशी त्यामागची कल्पना होती. धर्मांतर करणाऱ्याला आपल्या माणसांपासून तोडले जाण्याचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते. ख्रिस्ताचे होण्यासाठी आपल्या माणसांना मुकावे लागू नये, ही इच्छा या योजनेच्या मुळाशी दिसते. 1895 मध्ये झालेली जखम 1917 मध्ये इतरांसाठी औषध शोधत होती.

या वेळी आणखी एक महत्त्वाचा फरक होता. पहिल्या निर्णयाच्या वेळी लक्ष्मीबाई दूर होत्या आणि अनभिज्ञ होत्या. आता त्या सोबत होत्या. मिळकत थांबल्यावर घर कसे चालेल, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. तरीही या संन्याशाचा संसार त्यांनी सांभाळला.

5.2.7 अखेर आणि अपुरे राहिलेले काम

दरबाराला स्थिर रूप देण्याइतका अवधी टिळकांना मिळाला नाही. प्रकृती ढासळत गेली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती लोकांत दफनाची रूढी असूनही, त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. जन्माने मिळालेली भूमी आणि निवडीने स्वीकारलेली श्रद्धा यांची सांगड त्यांनी मृत्यूनंतरही सुटू दिली नाही.

दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करणारे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी 1909 मध्ये हाती घेतले होते, तेही सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. चरितार्थासाठी कष्ट करीत, उतारवयात त्यांनी त्यात 64 अध्यायांची भर घातली. लक्ष्मीबाई 1936 मध्ये निवर्तल्या आणि शेवटचा भाग पुत्र देवदत्त यांनी लिहून ग्रंथ पूर्ण केला. ज्या मुलीला टिळकांनी अक्षरे शिकविली, तिने त्यांचे अपुरे वाक्य पुरे केले.

5.3 समारोप

टिळकांच्या जीवनातील दोन निर्णय आपण पाहिले. 1895 मध्ये त्यांनी जात, आप्त आणि मान्यता यांवरील हक्क सोडला. 1917 मध्ये त्यांनी उत्पन्नाची शाश्वती सोडली. दोन्ही वेळा बाहेरून पाहणाऱ्याला हानीच दिसली. प्रत्यक्षात दर वेळी त्यांच्या आपुलकीचा परीघ रुंदावत गेला : आरंभी तो एका जातीचा होता, पुढे एका मंडळीचा झाला आणि शेवटी बाप्तिस्म्याची अटही त्याच्या आड येईनाशी झाली. टिळकांच्या श्रेयाची कसोटी म्हणून हा वाढता परीघ पाहता येईल. जो त्याग माणसाला अधिक एकाकी, अधिक कठोर करतो, त्याला या कसोटीवर उतरता येणार नाही.

त्याचबरोबर, शाश्वताची निवड करणारा माणूस एकटा नसतो, हेही या चरित्रातून दिसते. त्याच्या निवडीचा भार घरातील कोणी तरी उचलीत असते. टिळकांचा मोठेपणा मान्य करूनही लक्ष्मीबाईंच्या साडेचार वर्षांचा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो शिल्लक राहणेच योग्य आहे. क्षणिक सुख सोडणे तुलनेने सोपे. आपल्या त्यागाने दुसऱ्याचे सुख हिरावले जात असेल तर काय करावे, हा अवघड प्रश्न आहे. टिळकांनी सक्ती न करता वाट पाहिली, हे त्यांचे उत्तर होते. ते पुरेसे होते काय, याचा निर्णय तुम्ही 'स्मृतिचित्रे' वाचून स्वतः करावा.

5.4 स्वाध्याय

1. 'प्रेय' आणि 'श्रेय' या संकल्पनांच्या आधारे टिळकांच्या 1895 आणि 1917 मधील निर्णयांची तुलना करा.
2. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीवर वारकरी संतपरंपरेचा प्रभाव कसा दिसतो, ते सोदाहरण लिहा.
3. 'देवाचा दरबार' या कल्पनेमागे टिळकांचा स्वतःचा कोणता अनुभव असावा? सविस्तर चर्चा करा.
4. टिळकांच्या त्यागात लक्ष्मीबाईंचा वाटा किती आणि कोणता, याविषयी तुमचे मत कारणांसह मांडा.
5. तुमच्या परिचयातील एखाद्या व्यक्तीने अधिक मोलाच्या गोष्टीसाठी स्थैर्य सोडले असल्यास, तिचे व तिच्या कुटुंबीयांचे अनुभव विचारून सुमारे 300 शब्दांत टिपण तयार करा. व्यक्तीचे नाव लिहू नये.